औषध कोणाला निर्धोक?

धाराशीव जिल्ह्याच्या भूम तालुक्यांत ईट नांवाचें गांव आहे. अशा गांवांत मध्यरात्रीं कोणाच्या पोटांत कळ उठली, तर घरांतील वडील बाई प्रथम ओवा व हिंग देते, पोट शेकते. तेवढ्यानें भागलें नाहीं म्हणजे डॉक्टरांकडे धांव घेतली जाते. डॉक्टर पोट तपासतात, आंतड्याचा पीळ सैल करणारें एक औषध आणि वेदना शमविणारें दुसरें औषध टोंचतात, आणि बहुतेक रोग्यांस पहांटेपर्यंत झोंप लागते. परंतु क्वचित् एखादा रोगी असा निघतो कीं, त्याचें दुखणें औषधानंतर उतरत नाहीं, उलट चढत जातें. हातपाय लुळे पडतात, चित्त भ्रमिष्ट होतें, आणि जें औषध साऱ्या गांवास मानवलें तें यालाच कां बाधलें, हें कोणास उमगत नाहीं. अशा रोग्यांपैकीं कांहींच्या यकृतांत वंशपरंपरेनें उतरलेला एक दोष असतो. त्यास वैद्यकांत तीव्र पॉर्फिरिया म्हणतात. या रोग्यांस वेदनेवर कोणतें औषध द्यावें व कोणतें देऊं नये, हें ठरविण्यांत वैद्यकाचीं शंभरांहून अधिक वर्षें गेलीं. त्या शोधाची हकीकत औषधांविषयींच्या पुष्कळशा रूढ समजुती उलट्या करणारी आहे.

औषध निर्धोक आहे किंवा नाहीं, हा वाद या मुलुखास नवा नाहीं. धाराशीव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता, आणि त्याच संस्थानाच्या राजधानींत १८८८ व १८८९ सालीं क्लोरोफॉर्मची परीक्षा करण्यासाठीं दोन आयोग बसले होते. रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांचें मत ठाम होतें. क्लोरोफॉर्मनें मृत्यु येतो तो श्वास बंद पडून. हृदयावर त्याचा थेट आघात होत नाहीं. सबब श्वासाकडे लक्ष ठेवणाऱ्या माणसाच्या हातीं तें निर्धोक आहे, असें ते म्हणत. लंडनच्या ‘लॅन्सेट’ पत्रानें पहिल्या आयोगाच्या निष्कर्षांविषयीं शंका घेतली, तेव्हां सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनीं एक हजार पौंड देऊं करून त्या पत्राचा प्रतिनिधि मागविला. लॉडर ब्रंटन हे नामांकित औषधशास्त्रज्ञ १८८९ च्या अखेरीस हैदराबादेस आले. चारशेंहून अधिक जनावरांवर प्रयोग झाले, आणि दुसऱ्या आयोगानेंही लॉरी यांचीच बाजू उचलून धरली. परंतु १९११ सालीं गुडमन लेव्ही यांनीं दाखवून दिलें कीं, हलक्या क्लोरोफॉर्मखालींसुद्धां हृदयाचे ठोके एकाएकीं विस्कळित होऊन मृत्यु येऊं शकतो. आयोगाचे प्रयोग प्रामाणिक होते. चूक अनुमानांत होती. शेंकडों जनावरांवरून जें दिसलें तें प्रत्येक माणसास लागू पडेल, असें धरून चालल्यामुळें ती घडली.

ज्या १८८९ सालीं हैदराबादेंत हे प्रयोग चालले होते, त्याच सालीं हॉलंडांतील वैद्य बी. जे. स्टोकव्हिस यांनीं एका वृद्ध स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. तिनें झोंपेसाठीं सल्फोनाल नांवाचें औषध घेतलें होतें. हें औषध आदल्याच वर्षीं वैद्यकांत आलेलें होतें, आणि अफूची व क्लोरलची धास्ती बाळगणाऱ्या वैद्यांनीं त्याचें स्वागत केलें होतें. या स्त्रीची लघवी गडद तांबडी झाली, आणि पुढें ती मरण पावली. लघवींत रक्त नव्हतें. रक्तापासून निघणाऱ्या एका जांभळट रंगद्रव्याशीं त्याचें साम्य होतें, आणि त्या द्रव्यास जांभळ्या रंगाच्या ग्रीक नांवावरून होप-झायलर यांनीं १८७१ सालीं नांव दिलेलें होतें. पॉर्फिरिया हें रोगाचें नांव पुढें त्यावरूनच पडलें.

सल्फोनाल मागें पडलें, पण त्याची जागा घेणारें औषध या रोग्यांस त्याहूनही घातक ठरलें. १९०३ सालीं एमिल फिशर व योसेफ फॉन मेरिंग यांनीं व्हेरोनाल हें पहिलें बार्बिट्युरेट जगापुढें आणलें, आणि १९१२ सालीं ल्युमिनाल म्हणजे फेनोबार्बिटाल आलें. झोंप न येणें, मनाची अस्वस्थता, फेंफरें, अशा नाना तक्रारींवर हीं औषधें घरोघर पोंचलीं. इकडे १९११ सालीं जर्मनींत हान्स ग्युंथर यांनीं या रोगाचे प्रकार पाडले, आणि त्यांत औषधानंतर उद्भवणारा तीव्र प्रकार निराळा मांडला. १९३७ सालीं स्वीडनमध्यें यान वाल्डेनस्ट्रॉम यांनीं उप्साला विद्यापीठांत आपला प्रबंध सादर केला. त्यांत शंभराहून अधिक रोग्यांचा अभ्यास होता, आणि त्यांतील पुष्कळ रोगी देशाच्या उत्तर भागांतील एकमेकांशीं नात्यानें बांधलेल्या कुटुंबांतले होते. रोग वंशांतून उतरतो, हें त्यामुळें स्पष्ट झालें.

या रोगाचें सोंग मोठें फसवें आहे. पोटांत असह्य कळा येतात, ओकाऱ्या होतात, शौचास होत नाहीं, नाडी जलद चालते, रक्तदाब चढतो. पण हातानें दाबून पाहिलें तर पोट मऊच लागतें. दुखणें खरोखर आंतड्यांचें नसतें. आंतड्यांस चालविणाऱ्या मज्जातंतूंचें असतें. रोगी बहुधा वयांत आलेली तरुण स्त्री असते, आणि पुष्कळदां झटका मासिक पाळीच्या आधीं येतो. कारण सांपडत नाहीं म्हणून कोणी तिला वातविकारी ठरवितो, कोणी बाहेरची बाधा झाली म्हणतो, कोणी आंत्रपुच्छाचा संशय घेऊन पोट उघडतो. पोट उघडावयाचें म्हणजे भूल द्यावयाची. आणि १९३४ नंतर भूल देण्याचें लोकप्रिय औषध होतें थायोपेंटोन, म्हणजे पुन्हां बार्बिट्युरेटच. ज्या झटक्यांतून रोगी कदाचित् आपोआप बरा झाला असता, तो असा पक्षाघातापर्यंत, आणि श्वासाचे स्नायु लुळे पडले कीं मृत्यूपर्यंत, नेला जाई.

याचें सर्वांत ठळक उदाहरण दक्षिण आफ्रिकेंत मिळालें. पोर्ट एलिझाबेथ येथील वैद्य जेफ्री डीन यांनीं १९५० च्या सुमारास तेथील डच वंशाच्या कुटुंबांतून पॉर्फिरियाचा माग काढला. घराण्यांच्या वंशावळी जोडतां जोडतां ते १६८८ सालीं केप येथें विवाह झालेल्या एका डच जोडप्यापर्यंत जाऊन पोंचले. त्या जोडप्याच्या वंशजांत हजारों माणसांस हा दोष मिळालेला होता, तरी जुन्या पिढ्यांतील माणसें शेती करून, मुलेंबाळें वाढवून, पुरतें वय जगलीं होतीं. बार्बिट्युरेटें आणि सल्फा औषधें आलीं, तेव्हांपासून त्यांच्या नातवंडा-पणतवंडांचे मृत्यु होऊं लागले. अडीच शतकें रक्तांत मुकाट राहिलेला दोष नव्या औषधांनीं जागा केला होता.

हें घडतें कसें, याचा उलगडा १९६६ ते १९७० च्या दरम्यान झाला. शरीरांत हीम नांवाचें एक द्रव्य बनतें. रक्तास लाल रंग देणारा गाभा तोच. आणि यकृतांत औषधें पचविणारीं जीं द्रव्यें असतात त्यांनाही हीमच लागतें. हीम बनण्याच्या आठ पायऱ्या आहेत. तीव्र पॉर्फिरियाच्या सर्वांत परिचित प्रकारांत त्यांपैकीं तिसऱ्या पायरीचें काम निम्म्या जोरानें चालतें. शेताच्या पाटास एके ठिकाणीं मोरी अरुंद असावी, तशी ही स्थिति आहे. वरून पाणी बेताचें येतें तोंपर्यंत कांहीं बिघडत नाहीं. पण कांहीं औषधें यकृतास अधिक हीम बनविण्यास भाग पाडतात, म्हणजे वरचा दरवाजा सताड उघडतात. मग अरुंद मोरीच्या अलीकडे पाणी तुंबतें आणि बांध फोडून पसरतें. तुंबलेलीं हीं द्रव्यें मज्जातंतूंस अपाय करतात. बार्बिट्युरेटें हा दरवाजा पुरता उघडतात. उपाशी राहण्यानेंही तो उघडतो. म्हणून नवरात्रांतील कडक उपवासानंतर किंवा सलग निरंकार एकादशीनंतर ज्या घरांत कोणा एकीलाच दरवेळीं पोटाचा झटका येतो, त्या घरानें ती केवळ योगायोगाची गोष्ट समजूं नये. झटक्यांत शिरेंतून ग्लुकोज देतात त्याचें कारणही हेंच. १९७१ सालीं प्रत्यक्ष हीमच शिरेंतून देऊन झटका आंवरण्याचा पहिला यशस्वी प्रयोग झाला, आणि २०१९ सालीं वरचा दरवाजाच मिटून धरणारें गिव्होसिरान हें औषध अमेरिकेंत मंजूर झालें. हे दोन्ही उपाय फार महाग आहेत आणि मोठ्या शहरांबाहेर सहज हातीं लागणारे नाहींत.

तोंवर वेदनेचें काय करावयाचें? येथेंच इतिहासानें मोठी उलटापालट केली. अफूचें नांव काढलें कीं गृहस्थाच्या अंगावर कांटा येतो, आणि तें अकारण नाहीं. आपल्याकडे रडणाऱ्या बाळास अफू चाटवून निजविण्याची चाल होती, आणि तिनें कित्येक बालकांचा घात केला. आयुर्वेदांत शार्ङ्गधरसंहितेपासून अहिफेनाचा उल्लेख येतो. औषध म्हणून तें जुनें आणि व्यसन म्हणूनही तें जुनें. उलट झोंपेचीं नवीं औषधें सभ्य, सौम्य आणि शास्त्रीय मानलीं जात. पॉर्फिरियाच्या रोग्यापुरता हा निवाडा अगदीं उलट ठरला. झेर्ट्युर्नर यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं अफूपासून वेगळें केलेलें मॉर्फिन यकृतांत अशा वाटेनें पचतें कीं, त्यासाठीं हीमच्या कारखान्यास हांक द्यावी लागत नाहीं. वरचा दरवाजा तें उघडत नाहीं. म्हणून झटक्याच्या वेदनेवर मॉर्फिन हें आज पहिल्या पसंतीच्या औषधांत गणलें जातें, आणि वेदना तीव्र असल्यामुळें तें पुरेशा मात्रेंत व वेळच्या वेळीं द्यावें लागतें.

मात्र अफूच्या कुळांतील सर्वच औषधें एका मापानें मोजतां येत नाहींत. पेथिडिनची जन्मकथा या दृष्टीनें मनोरंजक आहे. १९३८-३९ च्या सुमारास जर्मनींत ओटो आइस्लेब हे वेदनाशामक शोधीत नव्हतेच. बेलाडोनांतील अॅट्रोपीनसारखें आंतड्याचा पीळ सोडविणारें औषध त्यांना हवें होतें. त्यांनीं बनविलेल्या एका द्रव्यानें उंदराची शेपटी ताठ उभी राहते, हें ओटो शाउमान यांनीं पाहिलें. मॉर्फिन दिलेल्या उंदराचीही शेपटी तशीच ताठते. पीळ सोडविण्यास शोधलेलें औषध अशा रीतीनें वेदनाशामक म्हणून प्रसिद्धीस आलें. पॉर्फिरियाच्या याद्यांत पेथिडिन निर्धोक म्हणून नोंदलें गेलें, व हीमच्या दृष्टीनें तें खरेंही आहे. परंतु वरचेवर दिल्यास त्यापासून शरीरांत एक उपद्रव्य सांचतें, आणि त्यानें आंचके येऊं शकतात. पॉर्फिरियाच्या झटक्यांत रक्तांतील सोडियम घटून आंचके येण्याचा धोका मुळांतच असतो, आणि आंचके थांबविणारीं फेनोबार्बिटाल व फेनिटोइन हीं नेहमींचीं औषधें या रोग्यास वर्ज्य असतात. पेंटाझोसीन हें दुसरें वेदनाशामक भारतीय रुग्णालयांत बराच काळ परिचित आहे. त्यापुढें तर पुष्कळ याद्यांनीं धोक्याचीच खूण घातलेली आहे.

पीळ सोडविणाऱ्या औषधांची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. बेलाडोना आणि आपल्याकडील धोत्रा या वनस्पतींत जीं द्रव्यें आहेत, त्यांवर हीं औषधें उभीं आहेत. त्यांतील अॅट्रोपीन हीमच्या कारखान्यास छेडीत नाहीं. हायोसीनाच्या बाबतींत मात्र निरनिराळ्या याद्यांचें एकमत नव्हतें. परंतु खरा अपाय झाला तो जोडऔषधांनीं. १९३० नंतर कित्येक वर्षें पोटांतील मुरड्यावर बेलाडोनाचे अंश आणि फेनोबार्बिटाल यांची एकत्र गोळी सर्रास दिली जात असे. रोगी व वैद्य दोघेही तिला पोटाची गोळी समजत. तिच्यांतील बार्बिट्युरेट कोणाच्या ध्यानींही येत नसे. पोट दुखतें म्हणून घेतलेली गोळीच पोटदुखीचें मूळ चेतवीत राहिली, आणि दुखणें वाढलें म्हणून ती आणखी घेतली गेली, तर त्या रोग्याची काय अवस्था होई याची कल्पना करवत नाहीं.

शिवाय एखादें औषध यादींत निर्धोक ठरलें म्हणजे तें उपयोगी ठरलें, असें नव्हे. झटक्यांत आंतड्यांची हालचाल पुष्कळदां मंदावलेली असते व शौच तुंबलेलें असतें. नाडी आधींच धांवत असते. धोत्र्याच्या कुळांतील औषध आंतडीं आणखी मंद करतें आणि नाडी आणखी पळवितें. मॉर्फिननेंही शौच तुंबतें, हें खरें. पण तें वेदना निश्चितपणें शमवितें, तर पीळ सोडविणाऱ्या औषधानें पीळ नसलेल्या ठिकाणीं काय सोडवावें? निर्धोक या शब्दाचे असे दोन अर्थ आहेत. औषध रोगाचें मूळ चेतवीत नाहीं, हा एक. आणि तें त्या रोग्याच्या त्या वेळच्या प्रकृतीस मानवतें, हा दुसरा. नॉर्वेच्या बर्गेन शहरांतील केंद्र आज औषधांची तपशीलवार यादी ठेवतें आणि तिच्यांत वेळोवेळीं सुधारणा करतें. तिच्यावरून पहिला प्रश्न सुटतो. दुसरा रोग्याच्या उशाशीं बसूनच सोडवावा लागतो.

भारतांत या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. सरकारी परवान्यानें अफू पिकविणाऱ्या देशांत भारताचें स्थान मोठें आहे. गाझीपूरचा अफूचा कारखाना १८२० पासूनचा आणि नीमचचा १९३३ पासूनचा. तरीही १९८५ च्या मादक द्रव्यांच्या कायद्यानंतर रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणें इतकें कठीण झालें कीं, पुष्कळांनीं तें ठेवणेंच सोडलें. एका परवान्यासाठीं अनेक खात्यांचे उंबरठे झिजवावे लागत, आणि हिशेबांतील चुकीस जबर शिक्षा होती. २०१४ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन मॉर्फिनसह कांहीं औषधें आवश्यक मादक औषधें म्हणून वेगळीं काढलीं गेलीं आणि साऱ्या देशास एक नियम आला. तथापि वर्षानुवर्षें मॉर्फिन न हाताळलेल्या हातांची भीति कायद्याच्या एका कलमानें जात नाहीं. ज्या रोग्यास वारंवार झटके येतात आणि जो वारंवार मॉर्फिन मागतो, त्याच्याकडे व्यसनी म्हणून पाहिलें जातें. संवय लागण्याचा धोका खोटा नाहीं, आणि म्हणूनच झटके मुळांत टाळण्याचे उपाय महत्त्वाचे आहेत. पण संशयापायीं वेदनेंत तळमळत ठेवणें हा त्यावरचा उपाय नव्हे.

ईट गांवच्या मुलुखास या बाबतींत शिकविणारा एक धडा जवळच आहे. १९८७ सालीं शेजारच्या बार्शी येथें कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गांवांपुरती ती होती, आणि ग्रामीण लोकवस्तीवर आधारलेली देशांतील ती पहिली नोंदवही होय. कार्यकर्ते गांवोगांव फिरले, रोगाचीं लक्षणें लोकांना समजावून सांगितलीं, संशयितांस तपासणीस आणलें. तोंवर जो रोग गांवांत कोणी नांवानिशीं ओळखत नव्हतें, त्याचा हिशेब त्यामुळें लागला. विचारणारा गेला म्हणून उत्तर मिळालें.

पॉर्फिरिया हा त्याहून कितीतरी विरळा रोग आहे, आणि त्याच्यासाठीं अशी नोंदवही कोणी मागणार नाहीं. पण त्यास विचारावयाचे प्रश्न थोडे आहेत आणि फार स्वस्त आहेत. पोट मऊ असून कळा असह्य आहेत काय? असा झटका पूर्वीं उपवासानंतर, पाळीच्या आधीं किंवा एखाद्या औषधानंतर आला होता काय? घरांत कोणा आत्या-मावशीस असेंच होत असे काय? आणि रोग्याची लघवी कांचेच्या भांड्यांत उन्हांत ठेवली तर ती कांहीं तासांत गडद तांबडी किंवा काळपट होते काय? तशी झाली म्हणजे निदान झालें असें नाहीं. पण तो नमुना प्रकाशापासून झांकून मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेंत पाठविण्यास तेवढें कारण पुरेसें आहे. वॉटसन व श्वार्ट्झ यांची त्यासाठींची साधी रासायनिक परीक्षा १९४१ पासून ठाऊक आहे.

ज्याचें निदान पक्कें झालें त्यानें आपल्या रोगाचें नांव व वर्ज्य औषधांची यादी एका कागदावर लिहून तो नेहमीं जवळ बाळगावा, दांत काढावयाचा असला तरी डॉक्टरांस प्रथम तो कागद दाखवावा, आणि आपल्या भावंडांची व मुलांची तपासणी करवून घ्यावी. अंगांत दोष असलेल्या पुष्कळ माणसांस जन्मभर एकही झटका येत नाहीं. दक्षिण आफ्रिकेंतील त्या जुन्या शेतकऱ्यांप्रमाणें तींही पुरतें आयुष्य जगूं शकतात. मात्र मध्यरात्रीं पोट दुखूं लागलें असतां, सुई हातीं घेणाऱ्या डॉक्टरांस तो कागद वेळीं दिसला पाहिजे.